जखमेची तारीख

मंडळी, आज विषय जरा रुक्ष आहे. कामावर असताना माणसाला इजा झाली तर तिची नोंद कुणी करायची, कुठल्या वहीत करायची आणि किती वेळात करायची, एवढाच. "बाईंना आता हे काय सुचलं?" असं काहींना वाटेल. सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा, १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट, असे कैक जुनेजाणते कायदे त्यांच्या पोटात गेले. घरातलं म्हातारं माणूस गेलं की आपण त्याची ट्रंक उघडून कागद चाळत बसतो ना, तशी मी या कायद्यांचे कागद चाळत बसले. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे सवय जात नाही. आणि चाळता चाळता एक गोष्ट लक्षात आली, ती तुमच्यापुढे मांडावीशी वाटली.

या कायद्यांमध्ये पानोपानी मुदती आहेत. चोवीस तास, अठ्ठेचाळीस तास, सात दिवस, एक महिना, दोन वर्षं, पाच वर्षं. वरवर पाहिलं तर ही सगळी कारकुनी. पण प्रत्येक मुदतीमागे एक प्रश्न आहे: माणूस दुखावला हे कुणी मान्य करायचं, आणि कधीपर्यंत?

सुरुवात आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये १८४४ साली कापडगिरण्यांसाठी एक कायदा झाला. त्यात असं होतं की अपघातात जखमी झालेला कामगार दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत कामावर परतू शकला नाही, तर मालकानं चोवीस तासांत सरकारमान्य सर्जनला लेखी कळवायचं. सकाळचे नऊ! ही वेळ मला फार बोलकी वाटते. इजा लहान की मोठी हे जखमेकडे बघून ठरत नव्हतं, हजेरीकडे बघून ठरत होतं. हात भाजला, पण नऊला माणूस यंत्रापाशी उभा राहिला, तर कागदापुरतं काहीच घडलं नाही. पुढे जगभर जे कायदे झाले त्यांतल्या बहुतेकांत हा नऊचा टोला कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकू येतो.

आपल्याकडे पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, सात ते बाराच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही (होय, सात वर्षांची मुलं!), धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचं आणि अपघात झाला तर लगेच कळवायचं. म्हणजे कळवण्याची सक्ती आली, पण कळवून पुढे काय? कामगाराच्या हातात काहीच पडत नव्हतं. नगर शहरात त्या काळी हातमाग घरोघर होते. आपल्याच ओटीवर खड्ड्यात पाय सोडून बसणारा विणकर तर या कायद्याच्या गावीही नव्हता.

तीन वर्षांनी, १८८४ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. बोलावणारे होते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. रविवारची सुट्टी ज्यांच्यामुळे मिळाली ते, एवढीच त्यांची ओळख आपल्या पाठ्यपुस्तकांत येते, आणि ती सुट्टी १८९० च्या जूनमध्ये मिळाली तेही खरं. पण त्या १८८४ च्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या आणि त्यात रविवारखेरीज आणखी मागण्या होत्या. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि शेवटची मागणी अशी: कामावर गंभीर इजा होऊन माणूस काही दिवस निकामी झाला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अपंग झाला, तर त्याच्या पोटापाण्याची योग्य सोय व्हावी.

किती साधी, सरळ मागणी! बरा होईपर्यंत पूर्ण पगार. त्यात किती दिवसांनी, किती टक्के, कुठल्या नमुन्यात, काही नाही.

ही मागणी कायद्यात यायला चाळीस वर्षं लागली. वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट १९२३ साली मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. तेव्हाच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडायला नारायण मल्हार जोशी होते. (ना. म. जोशी समाजकार्यात शिरण्याआधी शिक्षक होते. आम्हा शिक्षकांना तेवढाच अभिमान!) लोखंड्यांनी पूर्ण पगार मागितला होता; कायद्यानं साधारण अर्धा दिला. लोखंड्यांनी पहिल्या दिवसापासून मागितला होता; कायद्यानं सुरुवातीला अट घातली की दहा दिवसांहून जास्त अपंगत्व आलं तरच भरपाई. हे दहा दिवस पुढे सात झाले आणि नंतर तीन.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अकोले तालुक्यातलं भंडारदऱ्याचं धरण तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आपल्या घरच्या सहलींचे फोटो तिथलेच असतात. धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. हिशोब करा. सोळा वर्षांच्या कामातली पहिली चौदा वर्षं देशात नुकसानभरपाईचा कायदाच नव्हता. ऐंशी मीटरहून उंच दगडी भिंत, सह्याद्रीतला पाऊस, सुरुंग, दोरखंड... त्या चौदा वर्षांत तिथं ज्याचा पाय दगडाखाली सापडला असेल त्याला मागायला कायद्याचं दारच नव्हतं. त्या धरणाच्या पाण्यावर प्रवरेचे कालवे वाहिले, कालव्यांवर ऊस उभा राहिला, उसावर हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना चालला आणि पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना काढला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला. आपल्या जिल्ह्याची सुबत्ता ती तिथून. धरणावर गव्हर्नरचं नाव आहे. ज्यांचे हात-पाय त्यात गेले त्यांच्यासाठी वहीच नव्हती.

१९२३ च्या कायद्यात वही आली. दहाव्या कलमात म्हटलं होतं की इजा झाल्यावर शक्य तितक्या लवकर मालकाला नोटीस द्यायची. सरकारला मालकाकडून एक नोटीस-बुक ठेवून घेता येत असे आणि ते जखमी कामगाराला, किंवा त्याच्या वतीनं प्रामाणिकपणे येणाऱ्या कुणालाही, सहज हाताशी येईल असं असायला हवं होतं. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर मालकानं सात दिवसांच्या आत आयुक्ताकडे अहवाल पाठवायचा, ही सक्ती दुरुस्तीनं आली. कामगाराला दावा करायला मुदत होती ती वाढत वाढत दोन वर्षं झाली. आणि एक चांगली गोष्ट अशी की नोटीस दिली नाही म्हणून दावा फेटाळायचा नाही, जर अपघात झाल्याचं मालकाला दुसऱ्या कुठल्याही मार्गानं कळलेलं असेल. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की ज्याचा हात तुटलाय तो पहिल्यांदा दवाखान्यात जाणार, नोटीस लिहायला बसणार नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन मोठे कायदे आले, दोन्ही १९४८ चे. फॅक्टरी ॲक्टच्या ८८ व्या कलमानं ठरवलं की अपघातानं मृत्यू झाला किंवा माणूस अठ्ठेचाळीस तास वा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर व्यवस्थापकानं ताबडतोब कळवायचं. इंग्लंडच्या नऊच्या टोल्याचे आपल्याकडे अठ्ठेचाळीस तास झाले! दुसरा कायदा राज्य विमा योजनेचा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो. त्याची पूर्वतयारी डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना झाली, प्रा. अडारकरांनी १९४४ साली अहवाल दिला. या योजनेच्या नियमांत एक 'अपघात पुस्तक' होतं. ते कारखान्यात हाताशी ठेवायचं, त्यात नोंद जखमी कामगार स्वतः किंवा त्याच्या वतीनं दुसरा कुणी करू शकत होता, आणि पुस्तक भरल्यावर शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षं जपून ठेवायचं. मला या नियमाचं फार कौतुक वाटलं. लेखणी कामगाराच्या हातात दिली होती. इतिहासात असं फार कमी वेळा होतं.

पण इथंही आपल्या जिल्ह्याची गंमत बघा (गंमत कसली म्हणा). ईएसआय कायद्यातून हंगामी कारखाने वगळले होते आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत साखर आणि गूळ स्पष्ट नाव घेऊन घातले होते. म्हणजे ज्या जिल्ह्याची ओळखच साखर, तिथला साखर कामगार त्या अपघात पुस्तकाच्या बाहेर. त्याला आधार १९२३ च्या जुन्या कायद्याचाच. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखान्यांना विमा योजनेतून वगळण्याची रीत तशीच चालू आहे.

एवढ्या मुदती कशासाठी, असं कुणी विचारेल. भरपाईचा हिशोब कसा होतो ते पाहिलं की उत्तर मिळतं. कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट असतं, त्यात शरीराचे भाव लावलेले असतात. अंगठा गेला, कमावण्याची शक्ती ३० टक्के कमी. तर्जनी पूर्ण गेली, १४ टक्के. मधलं बोट १२. करंगळी किंवा अनामिका ७. एका हाताची चारही बोटं गेली, ५०. एक डोळा गेला, दुसरा चांगला असला तर ४०. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. मग विचार केला, भाव लावलेला नसता तर ते बोट फुकटच गेलं असतं. हा टक्का मग पगाराशी गुणायचा आणि वयाच्या कोष्टकातल्या आकड्याशी गुणायचा. सोळा वर्षांच्या मुलासाठी तो आकडा २२८.५४, पासष्टीच्या माणसासाठी ९९.३७. वय जितकं कमी, तितकी पुढची कमाई जास्त बुडाली, असा हिशोब.

म्हणजे तीन गोष्टी सिद्ध करायला लागतात. वय, पगार, आणि अपघात कामावर, कामामुळे झाला हे. तिन्हींना कागद लागतो. आणि यातल्या एका कागदाशी माझा संबंध यायचा.

आमच्या हायस्कूलच्या ऑफिसात दरवर्षी जून-जुलैत दाखल्यांची गर्दी असायची. त्यात एक वर्षी तिशी ओलांडलेला एक माजी विद्यार्थी आला. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला. "बाई, जन्मतारखेचा दाखला पाहिजे होता." कशाला, विचारलं. तेव्हा टॉवेल बाजूला केला. दोन बोटं नव्हती. एका ठिकाणी ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होता, जानेवारीत पत्रा कापायच्या यंत्रात हात गेला. ठेकेदारानं दवाखान्यात नेलं, मलमपट्टीचे पैसे दिले आणि "बरा झाला की ये" म्हणाला. बरा होऊन गेला तर जागेवर दुसरा मुलगा. मग कुणीतरी वकील गाठून दिला आणि वकिलानं कागद मागितले.

त्याचं वय काढायला आम्हाला पाच मिनिटं लागली. जनरल रजिस्टरचा खंड काढला, नंबर सापडला, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, सगळं ठसठशीत. ज्या गुरुजींनी ते लिहिलं होतं ते केव्हाच निवृत्त झाले होते. पण बाकीच्या दोन गोष्टी त्याला कुठे मिळेनात. पगार रोख, पावती नाही. हजेरी ठेकेदाराच्या खिशातल्या डायरीत, आणि ती डायरी नवीन वर्षाला बदललेली. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, "घरी काम करताना इजा." हे कुणी सांगितलं? "मी तर बेशुद्धच होतो, बाई."

शाळेनं त्याचं नाव वीस वर्षं सांभाळलं होतं. जिथं त्याची बोटं गेली तिथं ते पाच महिनेही टिकलं नव्हतं. त्याच्या दाव्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. तो दाखला घेऊन गेला तो परत आला नाही. पण मुदत म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजलं. चोवीस तासांत लिहायचं ते यासाठी, की तेव्हा यंत्रावर रक्त असतं, शेजारच्या माणसाला सगळं आठवत असतं आणि "घरी काम करताना" असं लिहायला कुणी धजावत नाही. पाच महिन्यांनी यंत्र पुसलेलं असतं आणि शेजारच्याला स्वतःची नोकरी टिकवायची असते.

आणि मुदत आली की मुदतीच्या अलीकडे थांबण्याची युक्तीही येते. अठ्ठेचाळीस तासांचा नियम असला की जखमी माणसाला दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून आणायचं, टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवायचं, हजेरी लावायची. माणूस कामावर हजर! मग कळवायचं कशाला? हे मी कारखान्यांत नोकरी केलेल्या एकाहून जास्त माणसांकडून ऐकलंय. १८४४ मध्ये सकाळी नऊला यंत्रापाशी उभं राहणारा आणि आपल्या टाइम ऑफिसात बँडेज बांधून बसलेला, दोघे एकाच वर्गातले.

आता थोडं अवघड वळण आहे, पण चहाचा कप घेऊन वाचा. नोंद करायची मुदत उलटून गेली आणि नोंद केलीच नाही, तर तो गुन्हा एकदाच घडला की रोज घडत राहिला? प्रश्न पोकळ वाटेल. पण त्यावर मोठमोठी न्यायालयं बसली आहेत.

आपल्या सुप्रीम कोर्टापुढे बिहारमधल्या एका दगडखाणीचं प्रकरण आलं होतं. खाणकायद्यानुसार वर्षाचं विवरणपत्र पुढच्या २१ जानेवारीपर्यंत पाठवायचं असे. १९५९ सालचं पाठवलं नाही. सरकारनं तक्रार केली ती १९६१ च्या एप्रिलमध्ये, आणि तक्रारीची मुदत होती सहा महिने. सरकारचं म्हणणं, विवरणपत्र अजून आलेलंच नाही, म्हणजे गुन्हा अजून चालू आहे. १९७२ साली कोर्टानं निकाल दिला: नाही, गुन्हा मुदत संपली त्या दिवशी पुरा झाला, तो रोज नव्यानं घडत नाही. तक्रार उशिरा आली.

बरोबर चाळीस वर्षांनी अमेरिकेत हाच प्रश्न उभा राहिला. तिथं १९७० च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे इजा समजल्यापासून सात दिवसांत नोंदवहीत चढवायची, वही पाच वर्षं ठेवायची आणि वर्षाचा गोषवारा फेब्रुवारी ते एप्रिल कामगारांना दिसेल असा भिंतीवर लावायचा. (माझा भाचा तिथं एका कारखान्यात आहे, तो म्हणतो, कॅन्टीनच्या वाटेवर लागतो तो कागद.) एका बांधकाम कंपनीनं नोंदी केल्या नव्हत्या आणि सरकारी खात्यानं सहा महिन्यांची मुदत उलटल्यावर तिला पकडलं. खात्याचं म्हणणं, पाच वर्षं वही ठेवायची म्हणजे पाच वर्षं नोंद करण्याचं कर्तव्य रोज आहे. २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं ते अमान्य केलं. खात्यानं मग २०१६ च्या डिसेंबरात नियमच बदलून घेतला, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथल्या संसदेचा ठराव राष्ट्राध्यक्षांच्या सहीनं पक्का होऊन तो नियम रद्द झाला. म्हणजे सहा महिने लपवून ठेवलं की सुटलो, असं मालकानं म्हणायला वाव उरला.

कायद्याच्या अंगानं दोन्ही निकालांत तथ्य असेल. कुणावरही जन्मभर टांगती तलवार नको, हे मलाही पटतं. आपल्या फॅक्टरी ॲक्टनं यावर निराळा तोडगा काढला होता. तक्रारीला मुदत तीनच महिने, पण ती मोजायची निरीक्षकाला गुन्हा कळल्यापासून. म्हणजे कुणीतरी कळवेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. मालकासाठी हे कडक झालं. पण कामगाराची दोन वर्षं मात्र अपघाताच्या दिवसापासूनच धावायला लागायची. उशिराचं सबळ कारण असेल तर माफी होती, पण ते कारणही त्यालाच सिद्ध करायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं घड्याळ आधी सुरू होतं, हे मला खटकतं.

हे सगळं झालं गेटच्या आतल्यांबद्दल. गेटच्या बाहेर काय?

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आमच्या वर्गातली मुलं तेव्हा गळायची. वर्गातला पट तोच, हजेरी मात्र निम्मी. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. कोयत्याला मुकादमाकडून उचल. मग चार-पाच महिने फडातच कोपी, पहाटे थंडीत मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. कोयता पायावर बसतो, साप चावतो, मोळी घेऊन फळीवरून चढताना पाय घसरतो, रात्रीच्या रस्त्यावर बैलगाडीला मागून वाहन धडकतं. यातलं काही नवीन सांगत नाही. पेपरात दर हंगामाला येतं.

मला दाखवायची आहे ती वह्यांची गोष्ट. गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर येते तेव्हा तिचा नंबर, वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन, सगळं नोंदलं जातं, किलोपर्यंत. शेतकऱ्याला त्याची पावती मिळते. मुकादमाच्या वहीत उचलीचा हिशोब असतो, रुपयापर्यंत. ऊस कुणाचा, कुठल्या फडातला, किती टन, सगळं कागदावर. तो तोडताना कुणाची पोटरी कापली याला मात्र कुठल्याच वहीत रकाना नाही. अठ्ठेचाळीस तास कशात मोजायचे? हजेरीपटच नाही तर गैरहजर कोण?

जुन्या कायद्यात एक वाट होती. मालकानं आपल्या धंद्यातलं नेहमीचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तरी जखमी माणसाला भरपाई मूळ मालकानं द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, असं बारावं कलम होतं. पण त्याच कलमाच्या शेवटी अट होती: अपघात मालकाच्या ताब्यातल्या जागेत किंवा तिच्या आसपास झालेला हवा. आणि फड तर शेतकऱ्याचा! कारखाना म्हणतो माणूस मुकादमाचा, मुकादम म्हणतो मी नुसता मधला, शेतकरी म्हणतो मी तर ऊस घातला. तिघांच्या मध्ये पाय धरून बसलेला माणूस कुणाचाच नाही.

हे असंच असायला हवं असं मुळीच नाही. याच महाराष्ट्रात हमालांची हीच स्थिती होती. सकाळी एका अडत्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. मालक कोण? अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्या माणसांच्या चळवळींनंतर १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळं आली, हमालाची नोंदणी झाली, व्यापाऱ्याचीही झाली, मजुरी मंडळामार्फत जाऊ लागली. मालक एक नसला तरी वही एक करता येते, हे तेव्हा सिद्ध झालं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ काढण्याचा निर्णय व्हायला २०१९ साल उजाडलं. ग्रामसेवकांकडून नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं ठरलं ते २०२१ मध्ये. लोणीच्या पहिल्या गळितानंतर सत्तर वर्षांनी! तरीही मी याला छोटं म्हणणार नाही. ज्याला ओळखपत्र मिळालं त्याचं नाव निदान एका वहीत आलं.

नव्या संहितांबद्दल मतं पुष्कळ आहेत, कामगार संघटनांचे आक्षेपही गंभीर आहेत, आणि त्यात पडण्याइतका माझा अभ्यास नाही. अठ्ठेचाळीस तासांचा नियम त्यांतही आहे. पण एक तरतूद मला महत्त्वाची वाटली: प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं. ते खरंच दिलं गेलं तर टॉवेलात हात गुंडाळून येणाऱ्या मुलाला तीनपैकी दोन कागद पहिल्याच दिवशी मिळालेले असतील. वह्या आता संगणकावर ठेवायच्या आहेत. ठेवा बापडे. मात्र अपघात पुस्तक हाताशी हवं आणि जखमी माणसाला स्वतः त्यात लिहिता आलं पाहिजे, हा जुना नियम संगणकाच्या पासवर्डमागे अडकू नये एवढंच वाटतं.

लोखंड्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या होत्या. त्यांतल्या कितीजणांना लिहिता येत असेल आणि कितीजणांनी अंगठा उठवला असेल, कोण जाणे. ज्या अंगठ्याची किंमत पुढे कायद्यानं तीस टक्के ठरवली, तोच अंगठा कागदावर टेकवून त्यांनी ती मागणी केली असणार.

असो. लांबलं फार. जाता जाता आपल्या घरातल्या तरुण मंडळींना, जे सुप्याच्या, नागापूरच्या नाहीतर चाकणच्या एमआयडीसीत कामाला आहेत त्यांना, एक सांगणं. हाताला खरचटलं तरी त्याच दिवशी नोंदवायला सांगा. नाही म्हणाले तर स्वतः साध्या कागदावर तारीख, वेळ, यंत्र आणि शेजारी कोण होतं ते लिहा, मोबाईलवर त्याचा फोटो काढा आणि घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. दवाखान्यात केसपेपरवर काय लिहिलंय ते वाचून मगच बाहेर पडा. बेशुद्ध असाल तर सोबतच्याला वाचायला लावा. आणि शाळा सोडल्याचा दाखला कुठे ठेवलाय ते आईला विचारून घ्या.